‘हे पुस्तक इथून काढा’ : सार्वजनिक ग्रंथालय, हरकतीचा अर्ज आणि वाचायचं स्वातंत्र्य

पानगळ

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, दर वेळी राहून जात होतं.

मी अमेरिकेत एका सार्वजनिक ग्रंथालयात अकरा वर्षं काम करते, त्यातला बहुतेक काळ बाल आणि किशोर विभागात. गेल्या वर्षी आमच्याकडे एका पुस्तकावर हरकत आली. किशोरवयीन मुलांसाठीचं चित्रमय आत्मकथन, विषय वयात येण्याचा. हरकत घेणाऱ्या बाई आमच्या नेहमीच्या वाचक, शनिवारच्या गोष्टींच्या तासाला नातवंडांना घेऊन येणाऱ्या. पुस्तकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा त्या एका पुस्तकावरच अडकेल.

‘पुस्तकावर बंदी’ म्हटलं की कुणीतरी वरून हुकूम सोडला असं चित्र डोळ्यासमोर येतं. प्रत्यक्षात सुरुवात एका कागदापासून होते. आमचा पुनर्विचाराचा अर्ज दोन पानांचा आहे. पहिलाच प्रश्न: तुम्ही हे पुस्तक पूर्ण वाचलं आहे का? नसेल, तर कुठला भाग वाचला? मग नेमकं काय खटकलं, पान क्रमांकासह. या विषयावर याऐवजी कुठलं पुस्तक सुचवाल? आणि शेवटी, ग्रंथालयाने काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे? बाईंनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलं होतं: ‘नाही. चार पानं पाहिली.’ ती चार पानं त्यांना फोनवर कुणीतरी पाठवली होती.

आमची तिघांची समिती बसली. प्रत्येकाने पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं. कर्कस, बुकलिस्ट, स्कूल लायब्ररी जर्नल यांत आलेली परीक्षणं काढली, पुस्तक किती वेळा वाचायला गेलं ते पाहिलं, आमच्या निवड धोरणातली कलमं समोर ठेवली. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच राहतं. हा नियम साधा दिसतो, पण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. नुसता अर्ज टाकून पुस्तक महिनाभर हलवता आलं असतं, तर रोज एक अर्ज टाकून कुणीही अख्खं कपाट रिकामं केलं असतं.

पुस्तक होतं तिथेच, किशोर विभागात, ठेवायचं ठरलं. आम्ही बाईंना दोन पानी पत्र लिहिलं. त्यात त्यांच्या चारही पानांबद्दल एकेक करून उत्तर दिलं, आणि विश्वस्त मंडळाकडे अपील कसं करायचं तेही कळवलं. त्यांनी अपील केलं नाही. पुढच्या आठवड्यात काउंटरवर येऊन म्हणाल्या, ‘मला पटलेलं नाही. पण कुणीतरी वाचून उत्तर दिलं, हे बरं वाटलं.’ मलाही बरं वाटलं. लोकशाहीत असंच तर व्हायला हवं ना?

मला खरी टोचणी लागली ती पुढे तीन-चार महिन्यांनी. नव्या खरेदीची यादी करताना त्याच विषयावरचं एक पुस्तक दिसलं. परीक्षणं उत्तम, किंमत बेताची. आमच्या यंत्रणेतल्या एकाही शाखेने ते मागवलं नव्हतं. सहकाऱ्याला विचारलं तर ती म्हणाली, ‘परत ते सगळं कशाला?’ मग मी माझ्याच जुन्या याद्या उघडून बसले. मीही त्या काळात अशी दोन पुस्तकं गाळली होती. तेव्हा मनात काय आलं होतं तेसुद्धा आठवेना, इतक्या सहज गाळली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि त्यावर तुमची मतं हवी आहेत: हरकतीचा अर्ज येणं ही ग्रंथालयासाठी वाईट गोष्ट नाही. अर्जाला कागद असतो, तारीख असते, कारण असतं, उत्तर असतं, अपील असतं. जे पुस्तक भीतीपोटी मागवलंच गेलं नाही, त्याचा मागमूस कुठेच राहत नाही. वाचकाला ते नाकारलं गेलं, हे त्याला कधी कळतही नाही.

---

दोन_मुलींचा_बाबा

पानगळताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, आवडलं. पण मी त्या आजींच्या बाजूचा आहे, आणि आमची बाजू इथे फारशी कुणी मांडत नाही म्हणून लिहितो.

माझ्या मुली नऊ आणि तेरा वर्षांच्या. दोघी ग्रंथालयातच वाढल्यात म्हटलं तरी चालेल. मला पुस्तकं जाळायची नाहीत, कुणाला तुरुंगात पाठवायचं नाही. पण माझी नऊ वर्षांची मुलगी हात लांब करून जे काढू शकते, त्यात काय आहे याची काळजी मी केली तर लगेच माझ्यावर ‘सेन्सॉर’ असा शिक्का बसतो. चार पानं पाहिली म्हणता, पण त्या चार पानांतलं चित्र मुलीने पाहिलं तर तिच्यासाठी ती चारच पानं महत्त्वाची ठरतात. संदर्भ वगैरे मोठ्यांना कळतो.

शिवाय ग्रंथालय आमच्या मालमत्ता कराच्या पैशावर चालतं. मग तिथे काय ठेवावं यात करदात्याला बोलायचा हक्क नको?

---

पानगळ

बाबा, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत.

बोलायचा हक्क आहेच, अर्ज त्यासाठीच असतो. तुमच्या मुलीने काय वाचावं हे तुम्ही ठरवायचं, त्यात आम्ही पडत नाही. फक्त तुमच्यासारख्याच दुसऱ्या एका बापाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला तेच पुस्तक द्यायचं ठरवलं असेल, तर तुमच्या अर्जाने त्याचा निर्णय रद्द होतो. तोही करच भरतो. आणि आमच्याकडे बालविभाग वेगळा, किशोर विभाग वेगळा, मध्ये भिंत आणि दोन्हींकडे माणूस. नऊ वर्षांच्या मुलीला ते पुस्तक सहज हाताशी लागेल अशी मांडणी नाही. अर्थात मुलं भिंत ओलांडतात, हे मी नाकारत नाही.

---

तळटीप

कायद्याची बाजू थोडी स्पष्ट करतो, कारण ‘अश्लील’ हा शब्द या वादात फार सैल वापरला जातो.

अमेरिकेत अश्लील ठरलेल्या साहित्याला संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीचं, म्हणजे भाषणस्वातंत्र्याच्या कलमाचं, संरक्षण नाही. पण अश्लील काय, याची कसोटी १९७३ च्या मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालातून आलेली आहे, आणि तिच्यात कृती ‘संपूर्ण’ धरून पाहायची असते. एक पान किंवा एक चित्र वेगळं काढून नाही. कृतीला गंभीर साहित्यिक, कलात्मक, राजकीय किंवा वैज्ञानिक मूल्य असेल तर ती अश्लील ठरत नाही. अल्पवयीनांसाठी मोजपट्टी अधिक कडक ठेवता येते, हे १९६८ च्या गिन्सबर्ग निकालाने मान्य केलंय. त्यामुळे बाबांची काळजी कायद्याबाहेरची नाही. पण ग्रंथालयात ज्यांवर हरकती येतात त्यांतली बहुतेक पुस्तकं या कसोटीच्या जवळपासही जात नाहीत.

पुस्तक काढण्याबद्दलचा प्रसिद्ध निकाल १९८२ चा, आयलंड ट्रीज शाळा मंडळ विरुद्ध पिको. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळा मंडळाने ग्रंथालयातून पुस्तकं काढली, विद्यार्थी कोर्टात गेले. न्या. ब्रेनन यांच्या मतपत्राचा गाभा असा: पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक काढता येणार नाही. पण या कारणमीमांसेमागे नऊपैकी पाच न्यायाधीश नव्हते. त्यामुळे तो निकाल पहिल्यापासून लंगडाच राहिला.

त्याचा परिणाम आता दिसतोय. टेक्सासमधल्या लॅनो काउंटीच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १७ पुस्तकं काढली गेली. २०२२ मध्ये तिथल्याच काही वाचकांनी दावा लावला. २०२३ मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने पुस्तकं चोवीस तासांत परत ठेवा असा आदेश दिला. त्यावर काउंटीच्या आयुक्तांनी ग्रंथालयच बंद करायचं का, याचा विचार करायला बैठक बोलावली! शेवटी बंद केलं नाही. मे २०२५ मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे त्या भागातल्या संघीय अपील न्यायालयाच्या, पूर्ण पीठाने १० विरुद्ध ७ मतांनी वाचकांच्या विरोधात निकाल दिला. माहिती मिळवण्याच्या हक्काच्या आधारे, ग्रंथालयाने पुस्तक काढलं म्हणून दावा लावता येत नाही, असं बहुमताने सांगितलं. पुस्तक हवं तर विकत घ्या, मित्राकडून आणा, असं त्यांचं म्हणणं. त्यातल्या सात न्यायाधीशांनी पुढे जाऊन म्हटलं की ग्रंथालय कुठली पुस्तकं ठेवतं हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे, म्हणजे त्याविरुद्ध पहिल्या दुरुस्तीचा आधार घेता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला. त्यामुळे टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आज हाच कायदा आहे.

‘मित्राकडून आणा’ हे वाचून मला फार वाईट वाटलं. ज्याच्याकडे विकत घ्यायला पैसे आहेत आणि पुस्तकं बाळगणारे मित्र आहेत, त्याला सार्वजनिक ग्रंथालयाची गरज मुळातच कमी असते.

---

उंबरठा

तळटीप यांनी लॅनोचा उल्लेख केला, पण त्या १७ पुस्तकांत काय होतं ते आपल्या लोकांना कळायला हवं. त्यात इझाबेल विल्करसन यांचं ‘कास्ट’ होतं. अमेरिकेतला वंशभेद ही जातिव्यवस्थाच आहे असं मांडणारं, भारतातल्या जातीशी त्याची तुलना करणारं आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल आदराने लिहिणारं पुस्तक. त्याच यादीत लहान मुलांची शरीराच्या आवाजांवरची गमतीची पुस्तकंही होती. म्हणजे ‘मुलांना वाचवायचं’ म्हणून सुरू झालेली यादी मोठ्यांच्या कपाटापर्यंत कशी पोचली पाहा. हे कळल्यापासून हा विषय मला परका वाटत नाही.

आणि इतिहासात हे पहिल्यांदा घडत नाहीये. १९५९ मध्ये अलाबामा राज्यात गार्थ विल्यम्स यांच्या ‘द रॅबिट्स वेडिंग’ या छोट्यांच्या चित्रपुस्तकावरून वादळ उठलं. कारण काय, तर एक ससा काळा, एक पांढरा, आणि त्यांचं लग्न लागतं. राज्याच्या ग्रंथालय सेवेच्या संचालक एमिली रीड यांच्यावर एका सिनेटरने ते काढण्यासाठी दबाव आणला. त्यांनी पुस्तक काढलं नाही, पण खुल्या कपाटातून राखीव कपाटात हलवलं. मागेल त्याला मिळेल, पण दिसणार नाही.

त्याआधी १९५० मध्ये ओक्लाहोमातल्या बार्टल्सविल गावाने रूथ ब्राउन यांना कामावरून काढलं. तीस वर्षं त्यांनी ते ग्रंथालय चालवलं होतं. आरोप होता ‘द नेशन’, ‘न्यू रिपब्लिक’ यांसारखी नियतकालिकं ठेवल्याचा. लोकांच्या डोळ्यांत खरं खुपत होतं ते त्यांचं वंशसमतेसाठीचं काम. आणि मार्च १९६१ मध्ये मिसिसिपीच्या जॅक्सन शहरात टूगलू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या सार्वजनिक ग्रंथालयात गेले, शांतपणे पुस्तकं घेऊन वाचायला बसले आणि अटक झाले. वाचत बसले म्हणून अटक.

पाणवठ्यावर कुणी यायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. कपाटाचंही तेच आहे.

---

भरतीओहोटी

उंबरठा, +१००. भारतातल्या पुस्तकबंदीबद्दल इथे लिहू का? सरकारी जप्तीपासून झुंडीपर्यंत खूप आहे सांगण्यासारखं.

---

पानगळ

त्यावर वेगळा धागा काढा ना, मी नक्की लिहीन. तिथली यंत्रणाच वेगळी आहे, इथे मिसळलं तर दोन्ही अर्धवट राहतील.

उंबरठा, राखीव कपाटाचा प्रसंग मला आज सकाळपासून सोडत नाहीये. ‘दिसणार नाही, मागितलं तर मिळेल’ हा तोडगा आजही सगळ्यांत लोकप्रिय आहे. ऐकायला समंजस वाटतो. पण पंधरा वर्षांचा मुलगा काउंटरवर येऊन मोठ्याने विचारेल का? तो कपाटापुढे उभा राहतो, इकडेतिकडे बघतो, पुस्तक काढतो, तिथेच खाली बसून वाचतो आणि परत ठेवून जातो. अशी कितीतरी पुस्तकं आम्हाला टेबलांवर, खिडकीत, कधी दुसऱ्याच विषयाच्या कपाटात लपवलेली सापडतात. ती वाचायला गेल्याची नोंद कुठेच नसते.

---

निळी_पायरी

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज लिहावंसं वाटलं.

मी बारा वर्षांची असताना आईबाबांबरोबर इथे आले. तेराव्या वर्षी माझ्याबाबतीत ओळखीतल्याच एका माणसाकडून जे होत होतं, त्याला काय म्हणतात हे मला माहीत नव्हतं. मराठीतही नाही, इंग्रजीतही नाही. घरी बोलायला शब्दच नव्हते. ग्रंथालयात किशोर विभागात मला एक पुस्तक सापडलं. मी ते घरी नेलं नाही, तिथेच तीन दिवस बसून वाचलं. त्यातल्या मुलीबरोबर तेच होत होतं, आणि ती एका शिक्षिकेला सांगते. मग मीही सांगितलं.

त्या पुस्तकातली दोन पानं कुणी फोनवर पाठवली, तर कुणालाही ते पुस्तक घाण वाटेल. मला ती दोन पानंच हवी होती, कारण माझं नेमकं काय होतंय ते तिथेच लिहिलेलं होतं.

आता मी बरी आहे. कृपया मला काही विचारू नका.

---

दोन_मुलींचा_बाबा

निळी_पायरी, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल आभार. दोन वेळा वाचलं. यावर मी लगेच काही बोलणार नाही.

---

रानजाई

मी आर्कान्सामध्ये राहते, इथल्या ग्रंथालयात नोकरी करते. पानगळ, तुम्ही भीतीपोटी न मागवलेल्या पुस्तकांबद्दल लिहिलंत, तर आमच्याकडे त्या भीतीला कायद्याचं कलम मिळालं होतं.

२०२३ साली इथे ३७२ क्रमांकाचा कायदा झाला. अल्पवयीनांना ‘हानिकारक’ साहित्य उपलब्ध करून दिलं तर ग्रंथपालाला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकेल अशी तरतूद होती. हानिकारक कुणासाठी? सहा वर्षांच्या मुलासाठी की सतरा वर्षांच्या? कपाट तर एकच आहे. तो लागू होण्याच्या आधीच जुलै २०२३ मध्ये संघीय न्यायालयाने ते कलम थांबवलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. पण मधल्या त्या महिन्यांत आम्ही जे जगलो ते कुठल्याही निकालपत्रात आलेलं नाही. माझ्या नवऱ्याने एक दिवस सरळ विचारलं, ‘एका पुस्तकासाठी तू तुरुंगात जाणार आहेस का?’ दोन लहान मुलं घरात. मी काय उत्तर देणार होते? व्हिसावर असलेल्या माझ्या एका मैत्रिणीने तर किशोर विभागातून बदलीच मागून घेतली.

म्हणून मी गाळलेल्या पुस्तकांसाठी तुम्हाला दोष देणार नाही. माणूस घाबरतो.

पण बाबांना एक सांगायचंय. हरकती म्हणजे काळजी करणारे आईबाप, असं आपण धरून चालतो. अमेरिकन ग्रंथालय संघटनेची आकडेवारी पाहा. २०२४ मध्ये पुस्तकं काढण्याच्या ८२१ प्रयत्नांची नोंद झाली, त्यांत २,४५२ वेगवेगळी पुस्तकं होती. आईवडिलांकडून आलेल्या हरकती १६ टक्के. संघटित गट, अधिकारी, मंडळांचे सदस्य, प्रशासन यांच्याकडून ७२ टक्के. त्याआधीच्या वर्षी, २०२३ मध्ये, तर ४,२४० पुस्तकं होती. एवढी पुस्तकं वाचून कुणी हरकत घेत नाही. याद्या फिरतात.

---

तळटीप

शाळांच्या बाबतीतही तसंच दिसलं होतं. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ च्या हजारहून अधिक तक्रारी तपासल्या, त्यांतल्या साठ टक्के फक्त अकरा जणांनी केलेल्या होत्या.

---

दोन_मुलींचा_बाबा

आकडे मान्य. पण म्हणून त्या १६ टक्क्यांतल्या माणसाचं ऐकायचंच नाही का? याद्या फिरवणाऱ्यांमुळे आमच्यासारख्यांचं म्हणणं आधीच निकालात निघतं, हे माझं दुखणं आहे. मी खरंच काळजीने बोललो तरी समोरच्याला वाटतं, आला एक यादीवाला.

---

पानगळ

बाबा, हे फार महत्त्वाचं बोललात. याद्यांनी सगळ्यांत मोठं नुकसान तुमचं केलंय, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

---

कंदील

करदात्यांच्या मुद्द्यावर एक गोष्ट. मिशिगनमधल्या जेम्सटाउन टाउनशिपचं पॅटमॉस ग्रंथालय. काही पुस्तकांवरून वाद झाला, ग्रंथालयाने ती काढायला नकार दिला, तर ऑगस्ट २०२२ मध्ये मतदारांनी ग्रंथालयाच्या कराचं नूतनीकरण फेटाळलं. ग्रंथालयाचं ८४ टक्के उत्पन्न त्या करातून येत होतं! नोव्हेंबरमध्ये पुन्हा मत घेतलं, पुन्हा फेटाळलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०२३ मध्ये, अखेर तो कर मंजूर झाला. मधल्या काळात ग्रंथालय टिकवायला देशभरातून अनोळखी लोकांनी पैसे पाठवले.

मला त्यात दिसलं ते असं. मूठभर पुस्तकं नकोत म्हणून लोक पाककृती, गाड्यांची दुरुस्ती, नोकरीचे अर्ज, म्हाताऱ्यांचं वाचन, मुलांचा गोष्टींचा तास, सगळं बंद करायला तयार झाले. आणि शेवटी त्याच गावाने मत बदललं. कुणी कोर्टात जिंकलं म्हणून नाही. ग्रंथालय जाणार, हे समोर दिसायला लागलं म्हणून.

उलट्या बाजूचंही सांगतो. इलिनॉयने २०२३ मध्ये कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. राज्याचं अनुदान हवं असेल तर ग्रंथालयाने पक्षपाती कारणाने पुस्तक काढणार नाही असं लेखी धोरण स्वीकारलं पाहिजे. आणि ब्रुकलिन सार्वजनिक ग्रंथालयाने २०२२ पासून देशातल्या कुठल्याही १३ ते २१ वयाच्या मुलाला आपलं ई-कार्ड, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं सभासदत्व, मोफत दिलं. तुमच्या गावात मिळत नसेल तर आमच्याकडून वाचा.

---

उंबरठा

कंदील, छान माहिती. या सगळ्याचं मूळ १९५३ च्या ‘फ्रीडम टू रीड’ निवेदनात आहे, त्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून थोडं. सिनेटर मॅकार्थीचा, कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांमागे लागण्याचा काळ. अमेरिकी सरकारच्याच परदेशातल्या माहिती ग्रंथालयांतून ‘संशयित’ लेखकांची पुस्तकं काढली जात होती. मे महिन्यात ग्रंथपाल आणि प्रकाशक एकत्र बसले, जूनमध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने निवेदन स्वीकारलं. त्याच जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात विद्यार्थ्यांना सांगितलं, पुस्तकं जाळणाऱ्यांत सामील होऊ नका, ग्रंथालयात जाऊन प्रत्येक पुस्तक वाचायला घाबरू नका. कम्युनिझमशी लढायचं तर तो काय आहे हे आधी माहीत हवं, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या महायुद्धातला सेनापती हे बोलतोय, हे मला मोठं वाटतं.

आणि ‘लायब्ररी बिल ऑफ राइट्स’ हे याच संघटनेचं वाचकांच्या हक्कांचं निवेदन १९३९ चं असलं तरी त्यात वयाचा उल्लेख १९६७ मध्ये आला. म्हणजे मुलांनाही वाचायचा हक्क आहे, हे या व्यवसायालाही उशिराच सुचलं.

---

भरतीओहोटी

एक शंका. ग्रंथालयं दर वर्षी जुनी पुस्तकं काढून टाकतातच की. ते चालतं, मग हरकतीवरून काढलं तर का चालत नाही?

---

पानगळ

चांगला प्रश्न. त्याला आम्ही ‘वीडिंग’ म्हणतो, शेतातलं तण काढावं तसं. फाटलेलं, माहिती जुनी झालेलं, वर्षानुवर्षं कुणी न नेलेलं, चौथी-पाचवी प्रत असलेलं पुस्तक बाद होतं. वीस वर्षांपूर्वीचं औषधांचं पुस्तक ठेवणं धोक्याचंच. कसोटी पुस्तकाच्या अवस्थेची आणि उपयोगाची असते, त्यातल्या मताची नसते. पण खरं सांगायचं तर वीडिंगच्या नावाखाली नकोशी पुस्तकं काढणं सगळ्यांत सोपं आहे, आणि लॅनोच्या खटल्यातही ती पुस्तकं वीडिंगमध्येच गेली असा बचाव झाला होता. म्हणून कुठलं पुस्तक कुठल्या कारणाने बाद केलं, याची यादी कुणालाही पाहता यावी असं माझं आता पक्कं मत झालंय. आमच्याकडे ती अंतर्गत राहते. पुढच्या विश्वस्त मंडळाच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात. मी कर्मचारी असले तरी त्याच गावची नागरिकही आहे. संचालकांना आधी सांगून मी ते मांडणार आहे.

आणि गाळलेली ती दोन पुस्तकं मी मागवली. आता सांगायला हरकत नाही. एक गेल्या आठवड्यात आलं.

---

दोन_मुलींचा_बाबा

तीन आठवड्यांनी परत येतोय.

निळी_पायरी यांच्या प्रतिसादानंतर मी आमच्या ग्रंथालयात गेलो. ज्या पुस्तकाबद्दल माझा राग होता ते काढलं आणि पूर्ण वाचलं. दोन रात्री लागल्या. मोठी मुलगी विचारत होती काय वाचताय, तिला सांगितलं, वाचून झालं की बोलू. मग बोललो. तिला त्यातलं बरंचसं आधीच माहीत होतं. माझ्याशी बोलायला ती इतके दिवस थांबली होती, हे मला माहीत नव्हतं.

पुस्तक वाईट नाही. ग्रंथालयातून काढावं असं आता मला वाटत नाही. पण आमच्याकडे ते बालविभागाला लागून असलेल्या कपाटात, दर्शनी मांडलेलं आहे. पंधरा पावलांवर छोट्यांचा गालिचा आहे. ते किशोर विभागात आतल्या बाजूला असावं, असं माझं मत अजूनही आहे. मी अर्ज भरतोय. पहिल्या प्रश्नाला ‘हो, पूर्ण वाचलं’ असं लिहिलंय. पान क्रमांक लिहिलेत. ‘ग्रंथालयाने काय करावं’ इथे ‘काढू नका, जागा बदला’ असं लिहिलं.

एकच प्रश्न रिकामा राहिलाय. ‘याच विषयावर याऐवजी कुठलं पुस्तक सुचवाल?’ मला याऐवजी नकोय, याच्यासोबत काही सुचवता येईल का? नऊ वर्षांच्या मुलीला बापाने हाती द्यावं असं काही आहे का?

---

पानगळ

आहे, तीन-चार आहेत. नावं व्यक्तिगत निरोपात पाठवते, सगळी आधी तुम्ही स्वतः चाळा. त्या रकान्यात ‘यासोबत’ असं स्पष्ट लिहा आणि खाली नावं द्या. समितीला असं उत्तर क्वचित मिळतं.

जागेबाबत माझं मत तुमच्याहून वेगळं आहे, वर लिहिलंच आहे. मी तुमच्या समितीवर असते तर बहुधा विरोधात मत दिलं असतं. पण ‘दर्शनी मांडलेलं’ या शब्दांखाली रेघ ओढा. मांडणी आणि कपाट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दर्शनी मांडणी दर पंधरा दिवसांनी बदलतेच. तुमचा अर्धा अर्ज कदाचित काउंटरवर बोलूनच सुटेल.

पोच घ्यायला विसरू नका. तारखेसकट.